आमची वाटचाल : डावीकडे आपलं, उजवीकडे सर्व्हरचं

२००७ च्या दसऱ्याला कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एक टेबल, एक असेंबल्ड पीसी आणि ब्रॉडबँडचं कनेक्शन एवढ्यावर आम्ही वेबसाइट बनवायच्या कामाला सुरुवात केली, आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा दीर. पहिलं काम लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानाचं. तेव्हा वाटायचं की डिझाइन, फोटो, मजकूर हेच खरं काम आणि फाइली सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथून लोकांना दिसते त्या दूरच्या कॉम्प्युटरवर, चढवणं म्हणजे काय, शेवटची पाच मिनिटं. पण इतक्या वर्षांत आमचं जे मोठं नुकसान झालं ते सगळं त्या पाच मिनिटांतच झालंय, म्हणून वाटचाल लिहायला बसले तर आधी हेच लिहावंसं वाटलं.

सुरुवातीला होस्टिंगच्या (सर्व्हरवरची जागा भाड्याने देणाऱ्यांच्या) कंट्रोल पॅनेलमधून एकेक फाइल चढवायचो. दोनशे साड्यांचे फोटो, एकेक करून! मग दिराने एफटीपीचा, म्हणजे सर्व्हरवर फाइली पाठवायच्या पद्धतीचा, प्रोग्रॅम टाकला, डावीकडे आपला कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर, इकडून ओढायचं तिकडे सोडायचं, आणि मला तर चमत्कारच वाटला. (या एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला, आयआयटी कानपूरचे आणि तेव्हा एमआयटीत होते, हे कळलं तेव्हा खूप भारी वाटलं होतं.)

पुण्यात गुरुवारी लाइट जाणार हे सगळ्यांना माहीत, तरी एका गुरुवारी अपलोड चालू असतानाच लाइट गेली आणि होमपेजची अर्धीच फाइल वर पोचली. दुकानदार काका फोनवर म्हणाले, "अगं, साइट पांढरी दिसतेय सगळी." दोन तास काहीच करता आलं नाही. दुसऱ्याच दिवशी यूपीएस आणला, पण खरा उपाय सॉफ्टवेअरमध्येच असतो हे नंतर कळलं, म्हणजे विनएससीपी नावाचा असाच एक प्रोग्रॅम एसएफटीपी या पद्धतीने (ती पुढे सांगते) पाठवताना मोठी फाइल आधी तात्पुरत्या नावाने वर पाठवतो आणि पूर्ण पोचली की मगच खरं नाव देतो, मध्येच तुटलं तरी जुनी फाइल शाबूत.

पण २००९ साली जे झालं ते यापुढे काहीच नव्हतं. सोमवारी सकाळी एका ट्रॅव्हल्सवाल्यांचा फोन, "ताई, आमची साइट उघडली की अँटिव्हायरस ओरडतोय." बघितलं तर आमच्या १४ पैकी ११ साइट्सच्या पानांत खाली कोडची एक परकी ओळ घुसवलेली. आम्ही होस्टिंगवाल्यांशी भांडलो, त्यांनी शांतपणे लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं त्याची नोंद, दाखवला, कोणीतरी परदेशातून बरोबर पासवर्ड टाकून आत आलं होतं. चोरी सर्व्हरवर झालीच नव्हती, आमच्या हॉलमधल्या पीसीवर व्हायरस होता आणि त्याने सेव्ह केलेले सगळे पासवर्ड उचलले होते. त्या वर्षी गम्बलार नावाचा असाच प्रकार जगभर चालला होता. दोन रात्री जागून स्वच्छ कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलले, बॅकअपवरून साइट्स पुन्हा चढवल्या, आणि मी स्वतः एकेका क्लायंटकडे जाऊन काय झालं ते सांगितलं. एकाने काम काढून घेतलं. बाकीचे थांबले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्यानंतर पहिल्यांदा नीट अभ्यास केला. साध्या एफटीपीत युजरनेम, पासवर्ड आणि फाइल सगळं उघडंच जातं, पोस्टकार्डासारखं. एफटीपीएस म्हणजे तेच एफटीपी पण टीएलएसच्या, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या पद्धतीच्या, पाकिटात. एसएफटीपी नावाने भाऊ वाटला तरी वेगळंच प्रकरण आहे, ते एसएसएचवर, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर, चालतं, पोर्ट २२, आणि पासवर्डऐवजी की, म्हणजे किल्लीसारखी एक खास फाइल, वापरता येते. आमच्या स्वस्तातल्या होस्टिंगवर एसएसएच मिळत नव्हतं, म्हणून बहुतेक साइट्स दुसरीकडे हलवल्या, खर्च वाढला, तो आम्ही सोसला.

मग प्रोग्रॅम निवडायचा प्रश्न. दीर आणि मी इंटरनेटवरचे तक्ते वाचून वाद घालत बसायचो, शेवटी मी म्हटलं की रोज अपलोड करणारी आपली ऑफिसातली मुलगी बीकॉम आहे, तिलाच आठवडाभर सगळे वापरायला देऊ आणि शेजारी बसून बघू. सायबरडकमध्ये एकच खिडकी, आमच्या मॅकवाल्या डिझायनरला ते आवडलं, पण या मुलीला आपली फाइल कुठली आणि सर्व्हरची कुठली हे शेजारी-शेजारी दिसायला हवं होतं. फाइलझिला हजारो फोटोंना मस्त, रांग लागते आणि फेल झालेल्या फाइली वेगळ्या टॅबमध्ये दिसतात, लिनक्सवरही चालतं. विनएससीपी फक्त विंडोजवर, पण त्याची सिंक्रोनाइझ करण्याआधी (दोन्हीकडच्या फाइली सारख्या करण्याआधी) येणारी यादी, कुठली फाइल कुठल्या दिशेला जाणार त्याचे बाण, ती यादी ती मुलगी बोट ठेवून वाचायची. तिथेच माझा निर्णय झाला.

कारण दिशा चुकली की काय होतं ते आम्ही भोगलेलं होतं. ऐन दिवाळीत साडीवाल्या काकांनी स्वतः पॅनेलमधून ऑफरचं पान बदललं आणि आमच्याकडून जुनं पान त्यावर चढलं. सर्व्हरचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे होतं, त्यामुळे कुठली फाइल नवी हेच प्रोग्रॅमला उलटं वाटलं. जुन्या एफटीपी साइट असतील तर सेटिंगमध्ये हा वेळेचा फरक नक्की भरा. अजून एक, फाइलला 'दिवाळी ऑफर' असं मराठीत नाव देऊ नका, काही सर्व्हरवर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

आज नारायण पेठेत छोटं ऑफिस आहे, आम्ही सहाजण आहोत. मोठ्या साइट्स गिटवरून (फाइलींतला प्रत्येक बदल नोंदून ठेवणारा प्रोग्रॅम) जातात, बाकी विंडोजवर विनएससीपी, लिनक्सच्या एका मशीनवर फाइलझिला, प्रत्येकाची की वेगळी, कोणी सोडून गेलं की त्याची की त्याच दिवशी काढायची. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने ब्राउझरमधून एफटीपी काढूनच टाकलं तेव्हा दोन-तीन क्लायंटचे घाबरून फोन आले, त्यांना समजावलं. तीन जुन्या साइट्स अजून साध्या एफटीपीवर आहेत, त्यातली एक भोसरीच्या वर्कशॉपची, तिथले मालक "चालतंय ना, मग राहू दे" म्हणतात. या आठवड्यात पुन्हा जाणार आहे त्यांच्याकडे, २००९ चा तो लॉग प्रिंट काढून ठेवलाय, तो सोबत नेते.