एकटीनं बसायची जागा : आयर्लंडच्या उन्हाळ्यातल्या नोंदी

कॉर्क, ४ जून

भाची सकाळी लवकर औषधांच्या कारखान्यात जाते, बंदराच्या बाजूला रिंगास्किडीला. ती परत येईपर्यंत शहर माझं. ली नदी इथं दोन फाट्यांत वाहते आणि मधल्या बेटावर शहराचा गाभा वसलाय, त्यामुळे कुठूनही चालायला लागलं की थोड्या वेळात पूल येतोच.

आज इंग्लिश मार्केट पुन्हा सावकाश पाहिलं. १७८८ पासूनचा बाजार. मालवणात वाढलेल्या बाईचे पाय आधी मासळीकडे वळणार. हेक, मंकफिश, बर्फावर ताजे बांगडे, टोपलीत कालवं. माशाचे डोळे आणि कल्ले बघून मी मान डोलावली, तशी विकणाऱ्या बाईंनी न विचारता मासा उलटा करून दाखवला. पलीकडच्या गाळ्यावर रक्ताचं सॉसेज, ज्याला इथं ड्रिशीन म्हणतात, आणि वजडी. गरिबांचं हे खाणं या शहरानं अजून सोडलेलं नाही.

बाजाराला लागूनच मटन लेन नावाची बोळ आहे आणि त्या बोळात मटन लेन इन. दुपारीसुद्धा आत अंधार आणि टेबलांवर मेणबत्त्या. मी बिनअल्कोहोलची स्टाउट, म्हणजे इथली काळी बिअर, मागवली. ग्लास पाऊणभर भरून तो तसाच ठेवतात, फेस वर चढून बसू देतात, मग उरलेला भरतात. या मधल्या वेळात घाई करायची नसते, ना देणाऱ्यानं ना घेणाऱ्यानं. बारमागच्या मुलानं ग्लास ठेवला, वर्तमानपत्र हवंय का विचारलं आणि निघून गेला.

तासभर बसले. माझ्या शेजारच्या टेबलावर दोन म्हाताऱ्या बायका, पायाशी बाजाराच्या पिशव्या, कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होत्या. बासष्ट वर्षांत मी दारू मिळते अशा जागी एकटी कधी बसले नव्हते. खरं तर कुठल्याच जागी काही काम नसताना एकटी बसले नव्हते. देवळात बसले ते दर्शनाला, स्टँडवर बसले ते एसटीसाठी, शाळेच्या स्टाफरूममध्ये बसले ते वह्या तपासायला. इथं मला कुणी ‘कोणाची वाट बघताय?’ असं विचारलं नाही. हे लिहून ठेवावंसं वाटलं.

कोव्ह, ११ जून

कॉर्कहून लोकलसारखी गाडी, पंचवीस मिनिटांत कोव्ह. चढावर एकाला एक टेकून उभी असलेली रंगीत घरं आणि सगळ्यांच्या वर सेंट कोलमनचं कॅथेड्रल. ‘टायटॅनिक’चा शेवटचा थांबा हाच, ११ एप्रिल १९१२. तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं. ‘टायटॅनिक’च्या पाट्या पावलोपावली दिसतात.

मी मात्र धक्क्यावर अ‍ॅनी मूरच्या पुतळ्यापाशी जास्त वेळ होते. दोन धाकटे भाऊ सोबत घेऊन ही मुलगी डिसेंबर १८९१ मध्ये इथून बोटीत चढली आणि १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणारी पहिली स्थलांतरित ठरली. वय सतरा. १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळानंतर आयर्लंडमधून बाहेर पडलेल्यांत निम्म्याच्या आसपास बायका होत्या आणि त्यातल्या बहुतेक अविवाहित, एकट्या निघालेल्या. युरोपातल्या इतर देशांत असं नव्हतं. घरकाम करून त्यांनी पाठवलेल्या पैशांवर मागच्यांची भाडी भरली गेली, पुढच्या भावंडांची तिकिटं निघाली. निघण्याच्या आदल्या रात्री घरात सगळा गाव जमायचा, गाणं-नाच-रडणं पहाटेपर्यंत. त्याला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. वेक म्हणजे मयताच्या घरची रात्र. जिवंत मुलीसाठी ती पाळायची, कारण ती परत दिसणार नाही हे आईला ठाऊक असायचं.

जेवायला धक्क्यावरच्या एका पबमध्ये माशांचं चाउडर, म्हणजे दाट सूप, आणि सोडा ब्रेड. बाहेर पाऊस, मग ऊन, मग पाऊस.

अहाकिस्ता, २३ जून

हे गाव मला यायचंच होतं. भाचीनं सुट्टी घेतली. पहाटेच कॉर्क सोडलं, बॅन्ट्रीच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून शीप्स हेड नावाच्या सुळक्यासारख्या द्वीपकल्पावर वळलो. एका बाजूला खाडी, दुसरीकडे दगडी गडगे आणि फ्यूशियाची लाल फुलं.

२३ जून १९८५ ला सकाळी एअर इंडियाचं ‘कनिष्क’, उड्डाण क्रमांक १८२, मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीला येत असताना या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर बॉम्बस्फोटानं कोसळलं. ३२९ माणसं गेली. बहुतेक कॅनडाचे नागरिक, भारतीय वंशाचे. शाळेला सुट्ट्या लागल्या म्हणून आजी-आजोबांकडे निघालेली मुलं. निम्म्याहून जास्त माणसं समुद्रातच राहिली. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची, रेडिओवर बातमी ऐकलेली आठवते. आयर्लंडचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

नातेवाईक कॉर्कला आले तेव्हा या भागातल्या लोकांनी त्यांना आपल्या घरात घेतलं. एका वर्षानं, १९८६ मध्ये, अहाकिस्ताच्या किनाऱ्यावर स्मारक झालं: छोटी बाग, मधोमध सूर्यघड्याळ, भिंतीवर नावं. तेव्हापासून दरवर्षी याच दिवशी, विमान नाहीसं झालं त्या वेळेला, माणसं इथं जमतात.

आजही जमली. कॅनडाहून आलेली कुटुंबं, गावातले शेतकरी, शाळेतली मुलं. सव्वाआठच्या सुमाराला सगळे गप्प झाले. नावांच्या भिंतीशी मी कितीतरी वेळ उभी होते. आडनावं वाचताना एकेका घराचा अंदाज येतो: हे पंजाबातले, हे गुजरातेतले, हे दक्षिणेतले. आणि एकाच आडनावाची चार-चार, पाच-पाच नावं एकाखाली एक.

नंतर गावातल्या एका बाईंशी बोलले. त्या वेळी त्या तरुण होत्या, दोन लहान मुलं पदरात. त्यांच्या घरी एक आई उतरली होती, इंग्रजी फारसं न येणारी. “आम्ही काय बोलणार एकमेकींशी? मी चहा करायचे, ती प्यायची. रात्री मी तिच्या खाटेशी बसायचे,” त्या म्हणाल्या. पुढं कितीतरी वर्षं त्या आईचं नाताळचं कार्ड येत होतं.

दुपारी ‘टिन पब’मध्ये गेलो. पत्र्याचं छप्पर म्हणून हे नाव. मागची बाग थेट पाण्याकडे उतरते. कॅनडाहून आलेलं एक कुटुंब आमच्या शेजारी होतं. साठीचा माणूस, त्याची बायको, दोन मोठ्या मुली. त्याचा भाऊ त्या विमानात होता. गावातला एक म्हातारा ग्लास घेऊन त्यांच्या टेबलाशी आला आणि यंदा गवत कापायला पाऊस उसंत देत नाही, यावर बराच वेळ बोलत राहिला. तो कॅनडाचा माणूस लक्ष देऊन ऐकत होता, मधून विचारत होता. विमानाचा विषय कुणी काढला नाही. गरज नव्हती. सगळ्यांनाच माहीत होतं की हा म्हातारा इथं येऊन का बसलाय.

भाची परतताना गाडीत म्हणाली, “मावशी, मी चार वर्षं इथं राहते आणि मला हे काहीच माहीत नव्हतं.” दोघी फार बोललो नाही.

डिंगल, २९ जून

गजबज फार. फॉक्सी जॉन्समध्ये एका बाजूला खिळे, कुलुपं, रंगाचे डबे आणि दुसऱ्या बाजूला बार. किराणा आणि दारू एकाच छताखाली विकायची इथली जुनी रीत आहे. ती अजून अशी दिसली याचा आनंद झाला.

स्ली हेडच्या रस्त्यावरून ग्रेट ब्लास्केट बेट दिसलं. १९५३ मध्ये सरकारनं शेवटची माणसं तिथून हलवली. पेग सेयर्स लग्न होऊन त्या बेटावर गेली होती. लिहिण्यापेक्षा सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं सांगितलेल्या शेकडो गोष्टी लोककथा आयोगानं उतरवून घेतल्या.

किलरश आणि मिलटाउन मॅलबे, जुलैचा पहिला आठवडा

क्लेअर परगण्यात येण्याचं कारण एकच, संगीत. पाइपवादक विली क्लॅन्सी १९७३ मध्ये गेले आणि त्याच वर्षीपासून मिलटाउन मॅलबेत त्यांच्या नावानं उन्हाळी शाळा भरते. सकाळी शिकवण्या, संध्याकाळी प्रत्येक पबमध्ये सेशन. छोट्याशा गावात पाय ठेवायला जागा नाही.

त्याआधी किलरशला थांबले. चौकात क्रॉटीज नावाचा पब आहे. एलिझाबेथ क्रॉटी या कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत धरायची छोटी भात्याची पेटी, वाजवायच्या आणि नवऱ्याबरोबर हा पब चालवायच्या. १९५० च्या दशकात रेडिओवाल्यांनी ध्वनिमुद्रणं केली तेव्हा त्यांचं वादन देशभर पोचलं. तेव्हा त्या सत्तरीच्या घरात होत्या! १९६० मध्ये गेल्या. क्लेअरमध्ये कॉन्सर्टिना हे बायकांचं वाद्य मानलं जायचं. स्वयंपाकघरात, चुलीशेजारी वाजवायचं. क्रॉटीबाईंनी ते बारच्या खोलीत आणलं. बारच्या मागं उभं राहून हिशेब करणारी, भांडणं थांबवणारी आणि मनात आलं की वाद्य हातात घेणारी बाई मला त्या खोलीत स्पष्ट दिसत होती.

मिलटाउनचं सेशन कसं असतं ते सांगते. कोपऱ्यात एक टेबल वादकांसाठी राखलेलं. फिडल, बासरी, कॉन्सर्टिना, एखादे इलियन पाइप्स (कोपरानं भाता दाबून वाजवायचे आयरिश पाइप), फार तर एक बोऱान, म्हणजे हातात धरायचा डफ. मंच नाही, माइक नाही. वादक गोलात एकमेकांकडे तोंड करून बसतात, आमच्या गावच्या भजनी मंडळासारखे; ऐकणाऱ्यांकडे पाठ आली तरी चालते. एक जण सूर काढतो, बाकीच्यांना ती चाल येत असेल तर ते येऊन मिळतात, येत नसेल तर मांडीवर वाद्य ठेवून ऐकतात. एक चाल दोनदा-तीनदा वाजली की न थांबता दुसरी. लहान मुलीनं वाजवायला घेतलं तर मोठे आपोआप हलक्या हातानं वाजवतात.

मग रात्री उशिरा एका बाईंनी डोळे मिटून शॉन-नोस, म्हणजे जुन्या पद्धतीचं गाणं, गायला सुरुवात केली. साथीला काहीही नाही. आयरिश भाषा, मला एक शब्द कळत नव्हता. खचाखच भरलेला बार, ओतायचं थांबलं, गल्ल्याचा ड्रॉवर उघडा तो उघडाच राहिला. गाताना त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरून ठेवला होता आणि लयीत हळूहळू हलवत होता. गाणाऱ्याला आधार द्यायची ही इथली पद्धत आहे. इतकं चांगलं ऐकणारी माणसं मी मैफलींतही क्वचित पाहिली.

गॉलवे, १७ जुलै

कॉरिब नदी धावत समुद्राला मिळते. स्पॅनिश आर्चजवळ तरुण मुलं गवतावर पसरलेली, शॉप स्ट्रीटवर दर दहा पावलांवर कुणी गातंय.

मी आयर स्क्वेअरमध्ये बराच वेळ होते. सविता हलप्पनवार बेळगावची. दातांची डॉक्टर, एकतीस वर्षांची, सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नव्हता, तिनं गर्भपात मागितला, कायद्यापायी तो नाकारला गेला. २८ ऑक्टोबर २०१२ ला जंतुसंसर्गानं ती याच शहरात गेली. या चौकात तेव्हा लोक मेणबत्त्या घेऊन जमले होते. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी राज्यघटनेतली गर्भपात रोखणारी १९८३ ची दुरुस्ती काढून टाकायला कौल दिला. डब्लिनमध्ये तिच्या चित्राच्या भिंतीवर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या, माफी मागणाऱ्या, आभार मानणाऱ्या. बेळगावला तिच्या आईवडिलांचं घर आहे. माझी मामेबहीण त्याच शहरात दिली. मला राग येतो, अजूनही, आणि तो कमी व्हावा असं वाटत नाही.

आज पबमध्ये गेले नाही. सॉल्टहिलच्या समुद्रावर शेवटपर्यंत चालले.

डब्लिन, ८ ऑगस्ट

ओ’कॉनेल स्ट्रीटवरच्या जीपीओच्या, म्हणजे मुख्य टपाल कचेरीच्या, खांबांवर ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६ च्या उठावातल्या गोळ्यांच्या खुणा आहेत. शरण जाण्याचा निरोप घेऊन पांढरं निशाण हातात धरून गोळीबारात चालत गेली ती एलिझाबेथ ओ’फॅरल, एक नर्स. उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्स शरण जातानाच्या फोटोत ती त्याच्या पलीकडे उभी आहे, म्हणून फक्त तिचे बूट दिसतात. पुढं छापताना काही ठिकाणी ते बूटही पुसले गेले.

संध्याकाळी एका जुन्या पबमध्ये ‘स्नग’ पाहिला: बारला लागून लाकडी फळ्यांची बंद खोली, आत एक खिडकी, तिच्यातून ग्लास आत सरकवायचा. पूर्वी बायकांनी प्यायचं असेल तर इथं, कुणाला न दिसता. पूर्ण पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, तर कित्येक पब बायकांना देतच नसत. १९७० च्या दशकात पत्रकार नेल मकॅफर्टी मैत्रिणींचा जथा घेऊन एका पबमध्ये गेल्या, सगळ्यांनी ब्रँडी मागवली, मग एक पाइंट मागितला. तो मिळाला नाही, तेव्हा ब्रँडीचे पैसे न देता सगळ्या बाहेर पडल्या. बाईला नकार देणं बेकायदा ठरवणारा कायदा थेट २००० सालचा.

स्नगमध्ये आधीच तीन बायका होत्या, सत्तरीच्या पुढच्या. “ये, जागा आहे,” म्हणत सरकल्या. दर गुरुवारी येतात. त्यातली एक सरकारी नोकरीत होती; १९७१ मध्ये लग्न झालं आणि राजीनामा द्यावा लागला. १९७३ पर्यंत लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरीत राहता येत नसे. “माझ्या साहेबांनी मला एक चहाचा सेट दिला आणि दार उघडून धरलं,” ती म्हणाली. “दोन वर्षं थांबले असते तर!” बाकीच्या दोघींनी हे शंभरदा ऐकलेलं असणार, तरी दोघींच्या तोंडून एकदमच चकचक आलं. मी तिला सांगितलं की मी लग्नानंतर तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, तशी ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग मला पहिल्या पगाराचं काय केलं, सासूबाई काय म्हणाल्या, सगळं विचारत सुटली.

गाव विचारलं. मालवण म्हटल्यावर काही कळेना. मग मी म्हटलं, लिओ वराडकरांच्या वडिलांचं वराड आमच्याच तालुक्यात. तिघी एकदम बोलायला लागल्या. त्याच्या राजकारणावर त्यांचं एकमत नव्हतं, पण २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान असताना तो सगळ्या कुटुंबासह वराडला गेला होता ते तिघींनी टीव्हीवर पाहिलं होतं. रस्ता कसा आहे, पाऊस किती, घरांना ती लाल कौलं का, आणि लोक जेवतात काय. मी सांगितलं: भात, ओल्या नारळाच्या वाटपातली बांगड्याची कढी, वर तिरफळं. चहाचा सेट मिळालेली म्हणाली, बांगडे इथं हाउथला मिळतात, पुढच्या गुरुवारी माझ्या घरी चल आणि करून दाखव. तिरफळं मिळणार नाहीत म्हटलं. त्यावर मधलीनं पर्समधून पेन काढलं आणि बिअरच्या पुठ्ठ्यावर बाकीचं सामान लिहून घ्यायला लागली.