२४८ दिवस, १३ तास, १४ मिनिटे

रात्री पावणेतीनला फोन वाजला. डिसेंबरचा मध्य, गळीत हंगाम भरात. त्या वेळी फोन कारखान्याचाच असणार.

"साहेब, काटा चालू आहे, पण कॉम्प्युटर वजनच घेईना. ऑफिसचं बंद, शेतकीचंही बंद."

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळतो. सांगलीहून तासाभराचा रस्ता. फाटकाशी पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि ट्रॅक्टरांची रांग गाडीतळ ओलांडून डांबरी रस्त्यावर आली होती. बैलगाड्यांच्या बाजूला टोळीतली माणसं शेकोटी करून बसली होती. काट्यावरचे मामा इंडिकेटरचा आकडा वाचून हाताने पावती लिहीत होते. एरवी मिनिटभराचं काम, आता एकेका गाडीला पाच-सहा मिनिटं. तोडलेला ऊस थांबला की वाळतो, वजन कमी भरतं. शेतकऱ्याला पैसे वजनावर आणि तोडणीवाल्यालाही वजनावरच. म्हणून काटा अडला की माझ्या पोटात गोळा येतो.

सर्व्हर रूमचं दार उघडलं आणि रॅककडे बघताच दुखणं काय ते कळलं. एरवी स्विचवरचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीवरचे, दिवे आपापल्या तालात लुकलुकतात. कुठे जोरात, कुठे मधूनच एकदा. इथे चोवीसच्या चोवीस दिवे एका ठेक्यात, थांबायचं नाव न घेता फडफडत होते. लूप. सगळ्यांसाठी धाडलेली ब्रॉडकास्ट पॅकेटं गोल गोल फिरत, त्यांत नव्यांची भर पडत, सगळी वाट अडवून बसलेली.

या कारखान्यात सात मॅनेज्ड (सेटिंग करता येणारे) स्विच फायबरच्या वर्तुळात जोडलेले आहेत: ऑफिस, काटा, शेतकी विभाग, मिल हाऊस, बॉयलर, सहवीज प्रकल्प आणि साखर गोदाम. मिलच्या कंट्रोलचं नेटवर्क वेगळं, त्यामुळे गाळप थांबलं नव्हतं. वर्तुळ कशासाठी, तर एका बाजूची फायबर तुटली तर दुसऱ्या बाजूने वाट राहावी. पण वर्तुळ तसंच मोकळं सोडलं की लूप होतो. म्हणून स्विचमधली 'स्पॅनिंग ट्री' ही व्यवस्था एक पोर्ट (केबल खोचायची जागा) मुद्दाम अडवून ठेवते. अमेरिकी संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये बसवलेली ही युक्ती आजही जगभरातले स्विच वापरतात. मुख्य स्विच दर दोन सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप धाडतो. तो येणं थांबलं की बाकीचे समजतात वाट तुटली, आणि अडवलेला पोर्ट उघडतात.

मी वर्तुळातली एक पॅच कॉर्ड उपटली. काही सेकंदांत दिवे शांत झाले आणि काट्यावरून मामांचा आवाज आला, "आलं, आलं!"

कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, ईडीपी मॅनेजर, माझ्याबरोबर रात्रभर जागे होते. म्हणाले, "आता सगळे स्विच एकदा बंद-चालू करून टाका, आणि घरी जाऊन झोपा."

पण फायबर तुटली नव्हती, कुणी चुकीची केबल खोचली नव्हती. मग पोर्ट उघडला कसा? बंद-चालू केलं असतं तर मेमरीतला लॉग पुसला गेला असता आणि हे कधीच कळलं नसतं. स्विचशी थेट बोलता येणारी कन्सोल केबल लावून एकेका स्विचचा लॉग काढत गेलो. स्विचना घड्याळाचा सर्व्हर दिलेला नव्हता, त्यामुळे लॉगमध्ये तारीख-वेळ नव्हती, चालू झाल्यापासूनचा काळ होता. पहिल्या तक्रारीची ओळ: २४८ दिवस, १३ तास, १४ मिनिटे. दुसऱ्या स्विचवर तीच. तिसऱ्यावर तीच. गोदामाचा स्विच तेवढा निराळा. तो ऑगस्टमध्ये बदललेला, ११७ दिवसच झालेले. त्याच्या लॉगमध्ये फक्त शेजारी सारखे बदलताहेत एवढीच नोंद.

२४८ हा आकडा मी पूर्वी वाचला होता. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेने बोइंग ७८७ विमानांसाठी आदेश काढला होता: वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला तर जनित्रांची नियंत्रक यंत्रं एकाच वेळी बंद पडू शकतात. कागद घेऊन गणित मांडलं. ३२ बिटांच्या चिन्हांकित (अधिक-उणे दोन्ही आकडे धरणाऱ्या) खान्यात सर्वात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोजलं तर तो २४८ दिवस, १३ तास, १३ मिनिटे आणि ५६ सेकंदांनी भरतो आणि पुढच्या ठोक्याला मोजणी उणे होते. शेवटचा निरोप किती वेळापूर्वी आला हे स्विच याच मोजणीवरून ठरवत होता. उणे आकड्यावर त्याला वाटलं, निरोप येऊन युगं लोटली.

आम्ही सहा स्विच १० एप्रिलला दुपारी एकाच मेन स्विचवरून चालू केले होते. म्हणून सहाही एकाच रात्री चुकले.

स्विचच्या निर्मात्याच्या रिलीज नोट्स, म्हणजे सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीतल्या बदलांची यादी, उघडल्या. सात महिन्यांपूर्वीच्या आवृत्तीत, 'दुरुस्त केलेले दोष' या भागात, एकच ओळ: सुमारे २४८ दिवस सलग चालल्यावर स्पॅनिंग ट्री चुकीचा बदल नोंदवू शकतं. बस, एवढंच. ती यादी दर महिन्याला वाचणं माझं काम होतं आणि मी वाचली नव्हती, हे मी ईडीपी मॅनेजरना तिथेच सांगितलं.

"मग दर पावसाळ्यात बंद-चालू करू," ते म्हणाले. बोलणं अगदीच चूक नव्हतं. पुढचे २४८ दिवस ऑगस्टात भरत होते, तेव्हा हंगाम नसतो. पण ही आठवण माणसाच्या डोक्यात राहणार, आणि माणसं बदलतात. शिवाय त्याच आवृत्तीत लूप ओळखणारी नवी सोय होती: स्विच स्वतःच एक चाचणी पॅकेट पाठवतो आणि तेच परत आलं तर पोर्ट बंद करतो. स्पॅनिंग ट्री चुकलं तरी दुसरा पहारेकरी जागा राहतो. त्यांनी होकार दिला.

जुन्या आवृत्तीवरून थेट जाता येत नव्हतं. बूटलोडरसाठी (स्विच सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी) मधली एक आवृत्ती आधी चढवावी लागत होती. वर्तुळ उघडं असल्यामुळे आता ती साखळी होती, म्हणून टोकाच्या स्विचपासून सुरुवात केली. आधी सेटिंगची प्रत, मग नवी फाइल फ्लॅश मेमरीच्या दुसऱ्या भागात, मग रिबूट. बॉयलर हाऊसचा स्विच मात्र मिनिटं गेली तरी परत येईना. धावत गेलो. बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) धुळीने पेटी माखलेली, कन्सोल केबल लावताना हात काळे झाले. नवी फाइल अर्धवट उतरली होती, चेकसम (फाइल पूर्ण आली का हे तपासणारा आकडा) जुळला नव्हता, आणि स्विच जुन्या भागावरून सुरू होऊन कमांडची वाट बघत होता. त्या दुसऱ्या भागाचे मी मनापासून आभार मानले. फाइल पुन्हा चढवली, या वेळी चेकसम आधी तपासला.

काट्याचा स्विच शेवटी, रांग ओसरल्यावर घेतला. मामांनी तेवढ्या वेळात तीन पावत्या हाताने लिहिल्या.

संध्याकाळी सहाला सकाळी उपटलेली पॅच कॉर्ड पुन्हा खोचली आणि दिव्याकडे बघत उभा राहिलो. हिरवा, मग नारिंगी. नारिंगी म्हणजे पोर्ट अडवलेला. नारिंगीच राहिला.