तुम्ही विचारलंत म्हणून: गेम खेळून गाडी येते का?

"सर, पोऱ्या दिनभर मोबाइलवर गाडी पयाडस. त्याले खरी गाडी लवकर येई का?" चाळीसगावात मी ड्रायव्हिंग शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत नाव नोंदवायला आलेले वडील हे हमखास विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: डोळ्याला येते, पायाला येत नाही.

पण आधी गेम कोणता ते बघा. बटण दाबलं की गाडी उडते, भिंतीला घासूनही पुढेच जाते, अशा गेममधून काही शिकायला मिळत नाही. मी स्वतः 'ग्रिड ऑटोस्पोर्ट' हा रेसिंगचा गेम खेळतो. कोडमास्टर्स कंपनीने तो 2014 मध्ये कॉम्प्युटर आणि कन्सोलसाठी काढला. फेरल इंटरॅक्टिव्ह या दुसऱ्या कंपनीने तोच गेम 2017 मध्ये आयफोनवर आणि 2019 मध्ये अँड्रॉइडवर आणला, काटछाट न करता. पक्का सिम्युलेटर, म्हणजे हुबेहूब खऱ्या गाडीसारखा चालणारा, तो नाही. तरी सेटिंगमध्ये जाऊन ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदत बंद करा, मग गाडीला वजन असतं हे कळतं. जोरात ब्रेक दाबला की नाक खाली जातं, मागची बाजू हलकी होते. तेवढ्यात स्टेअरिंग फिरवलं की शेपूट सुटलंच. खऱ्या गाडीतही हेच होतं.

त्यातला माझा आवडता ट्रॅक ऑस्ट्रेलियातला बाथर्स्ट. 6.2 किलोमीटरचा डोंगरी रस्ता, वरच्या आणि खालच्या टोकात 174 मीटरचा फरक. रेस नसते तेव्हा तो साधा गावचा रस्ता असतो, बाजूला लोकांची घरं आहेत. हे वाचलं तेव्हा मला आपला चाळीसगावजवळचा कन्नडचा घाटच आठवला. उतारावरच्या एका वळणाचं नाव आहे 'डिपर'. आमच्याकडे डिपर म्हणजे समोरच्याला लाइट मारणं. तिथे मात्र तिथून गाडी एकदम खाली जाते.

मागच्या वर्षी एकोणीस वर्षांचा एक मुलगा शिकायला आला. ट्रॅक्टर चालवलेला हात, पण वळणात शिरल्यावर ब्रेक दाबायची खोड. तोंडी सांगून सांगून थकलो. शेवटी गाडी लिंबाखाली उभी केली, फोन त्याच्या हातात दिला आणि हाच उतार लावला. तीनदा भिंतीत गेला. या गेममध्ये काही सेकंद मागे जाता येतं, म्हणून तेच वळण पुन्हा पुन्हा दाखवता आलं. "इथे दाबला तू. दाबायचा होता त्या पांढऱ्या पट्ट्याच्या आधी. आणि नजर भिंतीवर नको, जिथून बाहेर पडायचं तिथे ठेव." चौथ्यांदा निघाला.

आता पायाचं. फोनवर क्लच नाही. चढावर हाफ क्लचवर गाडी धरणं काचेवर बोट ठेवून येत नाही. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचं, हे मी रोज सांगतो. पण ब्रेक तापल्याचा वास एकदा नाकात गेला की मगच ते पटतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रेसमध्ये समोरून कुणी येत नाही. सगळे एकाच दिशेने. आपल्याकडे कापसाने भरलेली, मागे लाइट नसलेली ट्रॉली येते, वळणावर माकडं बसलेली असतात, केळीचा ट्रक मध्यरेषेवरून खाली उतरत असतो. म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या वडिलांना मी स्पष्ट सांगतो: खेळू द्या, चावी देऊ नका. अठरा झाली की घेऊन या.

त्या मुलाला शेवटच्या आठवड्यात घाटात नेलं. दुसऱ्याच वळणाआधी त्याने ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेक दाबला, गिअर उतरवला, हॉर्न दिला. समोरून ट्रक आला, अर्धा आमच्या बाजूला. पोरगं डावीकडे सरकून थांबलेलं होतं. माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर तयार होता, पण दाबावा लागला नाही.