गोळा साफ केला आणि काम अडलं

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळ संगणकावर छपाईची पानं लावून देणारं एक डीटीपीचं दुकान आहे, त्याचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे. दिवाळी अंकांची पानं लावायची धांदल चाललेली, आणि नेमका तेव्हाच तिथल्या काकांचा फोन आला. "अहो, तो गोळ्याचा माउस बिघडलाय. अडतो आणि एकदम उडी मारतो." मनगट दुखतं म्हणून वर्षानुवर्षांचा माउस सोडून त्यांनी अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल घेतला, त्याला महिना झाला होता. हा टेबलावर सरकवायचा नाही, त्यातला गोळा फिरवला की पॉइंटर हलतो.

आमच्याकडे कामाला असलेला मुलगा आदल्या दिवशी जाऊन आला होता. त्याने ड्रायव्हर परत टाकला, रिसीव्हर दुसऱ्या पोर्टला लावला. गोळा मात्र काढून बघितला नाही. हल्लीच्या पोरांना हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर जवळचा. इथे तर स्क्रूही खोलायचा नव्हता. तळाच्या भोकातून पेन्सिलीचं मागचं टोक दाबलं की ३४ मिलिमीटरचा गोळा हातात येतो.

आत वाटीत तीन बारके मणी असतात, ज्वारीच्या दाण्याहून लहान. गोळा एवढ्या तिघांवरच टेकलेला असतो. मणी फिरत नाहीत, गोळाच त्यांच्यावरून घसरत जातो आणि हाताचं तेल, धूळ, कागदाचा भुसा तिथे साठवत राहतो. काकांच्या एका मण्यावर राखाडी नमद्यासारखी टोपी चढली होती. अशा वेळी अंगठा हळू फिरवला तर पॉइंटर जागचा हलत नाही, जोर लावला की सुटतो आणि पुढे जातो. हीच ती उडी. लाकडी टूथपिकने मणी कोरले (सेफ्टीपिन नको, ओरखडे पडतात), सेन्सरच्या काचेवर फुंकर मारली, गोळा चष्म्याच्या फडक्याने पुसला. कोरडाठाक गोळाही अडखळतो, म्हणून कपाळावरून एकदा फिरवला. किळसवाणं वाटतं, पण तेवढं तेल पुरतं.

बसवला तर लोण्यासारखा फिरला. मी खूश. काकांनी टेक्स्ट फ्रेमचा, म्हणजे पानावरच्या मजकुराच्या चौकटीचा, कोपरा पकडायला अंगठा लावला, तर पॉइंटर दोन कॉलम ओलांडून गेला. परत लावला, परत गेला. गोळा जड होत गेला तसा त्यांनी पॉइंटरचा स्पीड वाढवत नेला होता. विंडोजच्या अकरा खाचांपैकी मूळची सहावी, यांची नववी. मी सहावर आणला. तरी नेम चुकेच, कारण महिनाभर रेटा द्यायचं वळण अंगठ्याला लागलेलं. शिकले होते ते मळलेल्या गोळ्यावर.

"थोडा मळ परत घालता येईल का?" काकांनी विचारलं. मी हसलो, ते हसले नाहीत.

बटण दाबून धरत अंगठ्याने ओढणं नव्या माणसाला जमत नाही, म्हणून विंडोजमधलं क्लिकलॉक चालू करून दिलं, म्हणजे बटण क्षणभर दाबलं की सोडलं तरी दाबलेलंच धरलं जातं. फ्रेम केसभर सरकवायची तर बाणाच्या कळा वापरा म्हटलं. जुना माउसही जोडून ठेवला, दोन्ही एकत्र चालतात. पण अंक छापायला जायच्या आठवड्यात मी गोळा साफ करायलाच हवा होता का, हे अजून डोक्यातून जात नाही.

परवा गेलो तेव्हा कीबोर्डशेजारी टूथपिकची डबी होती. स्पीड मात्र परत सातवर.