डिक्कीवाली व्होल्वो

परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूब उघडलं आणि एका जुन्या रेसमध्ये अडकलो ते दीड वाजला. १९९४ ची ब्रिटिश टुरिंग कार चॅम्पियनशिप, म्हणजे बीटीसीसी, रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाड्यांवरून बनवलेल्या रेसच्या गाड्यांची. बीएमडब्ल्यू, अल्फा रोमिओ, मोंडेओ सगळ्या एकमेकींना खेटून वळणात घुसतायत, आणि त्यांच्यामधून एक लांबलचक, चौकोनी, मागे भलीमोठी डिक्की असलेली व्होल्वो ८५० येते. सेडान नाही हां, इस्टेट, आपण जिला स्टेशन वॅगन म्हणतो ती. मुलांना शाळेत सोडायचं, येताना किराणा भरायचा, ती गाडी. मागचं आतल्या बाजूचं चाक हवेत, पुढची दोन चाकं जिवाच्या आकांताने रस्ता धरतायत, आणि लांबच लांब बाजूच्या काचांमधून आरपार पलीकडचं गवत दिसतंय, कारण आत सीटबीट काही नाहीच, नुसता पाइपांचा पिंजरा.

मला ही गाडी माहीत होती, फोटो पाहिले होते, पण चालताना पहिल्यांदाच नीट बघितली आणि खरं सांगतो, एकटाच हसत बसलो.

मुळात व्होल्वोला रेसिंगचं वावडं होतं असं काही नाही. १९८५ ला त्यांच्या २४० टर्बोने युरोपियन टुरिंग कारचं टायटल मारलंय, आणि तीही दिसायला विटेसारखीच होती. पण त्यानंतर बरीच वर्षं सामसूम, आणि लोकांच्या डोक्यात व्होल्वो म्हणजे काय तर सेफ्टी, काका लोक आणि कुत्रा. मग ९४ साली ते परत आले ते टॉम वॉकिन्शॉच्या टीमला बरोबर घेऊन. हा माणूस म्हणजे साधासुधा नाही, १९८८ ला जॅग्वारला ले मान्सची २४ तासांची रेस जिंकून देणारी टीम याचीच. आणि ती जिंकलेली जॅग्वार चालवणाऱ्या तिघांपैकी एक यान लॅमर्स, त्याला यांनी ह्या डिक्कीवाल्या गाडीत बसवला. विचार करा, माणूस फॉर्म्युला वन करून आलाय, ले मान्स जिंकलाय, आणि आता त्याच्या मागे दीड मीटर रिकामी डिक्की. त्याच्या जोडीला स्वीडनचा रिकार्ड रिडेल.

थ्रक्स्टनला पहिली रेस होती, बाकीच्या टीम्सनी आधी थट्टा केली आणि मग कुरकुर, की आम्ही इथे सीरियसली रेसिंग करतोय आणि हे काय सामान वाहायची गाडी घेऊन आलेत. त्यावर व्होल्वोवाल्यांनी काय करावं? एका परेड लॅपला मागच्या डिक्कीत एक मोठा भुसा भरलेला कोली कुत्रा ठेवला आणि तसाच ट्रॅकभर फिरवून आणला! ह्याला म्हणतात उत्तर. तोंडातून एक शब्द नाही.

पण लोक ह्याला नुसता पब्लिसिटी स्टंट म्हणून सोडून देतात ते मला पटत नाही. स्टंट होताच, नाही कोण म्हणतंय, इस्टेट गाड्या विकायच्या होत्या त्यांना. पण गाडी मन लावून बनवलेली होती. नियम असा की इंजिन २ लिटरचं, टर्बो नाही, ८५०० आरपीएमच्या वर न्यायचं नाही. व्होल्वोचं इंजिन पाच सिलिंडरचं, आडवं बसवलेलं, आणि त्या क्लिपमध्ये हेडफोन लावून ऐकाल तर बाकीच्या चार सिलिंडरवाल्यांच्या किंचाळण्यात हिचा आवाज चटकन वेगळा ओळखू येतो, जरा घोगरा, घशातून आल्यासारखा. मी तो दहा सेकंदांचा तुकडा सात-आठ वेळा तरी मागे नेऊन ऐकला असेल. तोटा उघडच होता, छपराचा जास्तीचा पत्रा आणि मागची ती काच, हे सगळं वजन उंचावर आणि पार शेपटीला, म्हणजे जिथे रेसच्या गाडीत ते अजिबात नको असतं तिथेच. त्यात टीमचं त्या गाडीबरोबर पहिलंच वर्ष.

निकाल? एकही रेस जिंकली नाही, पोडियमसुद्धा नाही, म्हणजे पहिल्या तिघांतही नाही. सगळ्यात भारी म्हणजे पाचवा नंबर, तोही रिडेलचा, ऑल्टन पार्कला. सीझनअखेर रिडेल चौदावा, लॅमर्स पंधरावा. बस.

आणि तिचा शेत झाला तो विंगमुळे, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर गाडी रस्त्यावर दाबून धरणाऱ्या पंखामुळे, खरं तर दुसऱ्याच्याच विंगमुळे. म्हणजे शेवट हो, शेत नाही, राहू दे आता, दीड वाजता टाइप केलंय. तर त्याच वर्षी अल्फावाले १५५ घेऊन आले, पुढे-मागे विंगा, आणि मागच्या विंगेचे जास्तीचे तुकडे विकलेल्या गाडीबरोबर डिक्कीत ठेवून द्यायचे, म्हणजे विकलेल्या गाडीबरोबर जे मिळतं तेच रेसला लावलं, कागदावर सगळं कायदेशीर. त्यांच्या टार्क्विनी नावाच्या ड्रायव्हरने सुरुवातीलाच पाच रेस सलग मारल्या, बाकीच्यांनी बोंबाबोंब केली, अल्फा रुसून ऑल्टन पार्कहून निघून गेली, पुढे परत आली आणि टायटलही तीच घेऊन गेली. मग १९९५ पासून सगळ्यांनाच विंग लावायला परवानगी मिळाली. आता सेडानला मागे डिक्कीवर मोकळी जागा असते, तिथे विंग बसते. इस्टेटचं छप्पर आधीच शेपटीपर्यंत पोचलेलं, विंग लावणार कुठे? झालं, व्होल्वोने गुपचूप ८५० सेडान आणली. आणि रिडेल त्या वर्षी थेट तिसरा! ९६ ला परत तिसरा, आणि ९८ ला व्होल्वोच्याच एस४० मध्ये चॅम्पियन. म्हणजे माणूस पहिल्यापासून फास्टच होता.

पुढे २०१४ ला होंडाने सिव्हिक टूररवर मॅट नील आणि गॉर्डन शेडनला बसवलं, ही पण इस्टेटच, आणि हिने रेस जिंकल्या बरं का. पण एका वर्षात परत हॅचबॅक. मग सुबारू लेव्हॉर्ग. रस्त्यावर ती चारही चाकांवर चालते, रेसला फक्त मागच्या चाकांवर, सुबारूचं ते आडवं पसरलेलं बॉक्सर इंजिन, त्यामुळे वजन खाली. २०१७ ला त्यात ॲश सटन चॅम्पियन झाला, इस्टेट गाडीने मारलेलं पहिलं बीटीसीसी टायटल. गंमत म्हणजे सटनचा जन्मच १९९४ चा, व्होल्वोच्या त्या वर्षातला. तरी कुणालाही विचारा रेसमधली स्टेशन वॅगन कुठली, दहातले नऊ जण चौदाव्या नंबरवाल्या व्होल्वोचंच नाव घेतील. लेव्हॉर्ग दिसायलाही बरी, जिंकलीही, पण तिच्यात कुत्रा नव्हता ना.

मला ह्या गाड्यांचं एवढं का, तर आमच्याकडे टाटा इस्टेट होती. इथेच पिंपरीला बनायची ती, ९० च्या दशकात. मे महिन्यात कोकणातून येताना मागे आंब्याच्या पेट्या, त्यावर चटया, त्यावर मी आणि ताई आडवे, आणि घाटात वळण आलं की आम्ही दोघं पेट्यांसकट एका बाजूला. त्यामुळे वळणात शेपटी कशी ओढते हे मला इंजिनियर नसूनही नीट माहितीये.

सकाळी बाबांना ती क्लिप पाठवली. ते व्हॉट्सॲपवर सहसा फक्त अंगठा टाकतात. ह्या वेळी पाच मिनिटांत फोनच आला.

"अरे, एवढी मोठी डिक्की आणि रिकामीच पळवतात?"

म्हटलं, नाही बाबा, एकदा कुत्रा होता.

"मग ठीक आहे," म्हणाले आणि ठेवला.