चहाऐवजी दूध

जपानमधल्या साप्पोरोत रात्रभर बर्फ पडला. सकाळी दारातली वाट उपसता उपसता माझी कंबर धरली. तेवढ्यात काळ्या कोटातली, छातीवर नावाची पट्टी लावलेली दोन पोरं आली, हातातलं फावडं मागून घेतलं आणि वीस मिनिटांत वाट मोकळी करून दिली. मॉर्मन मिशनरी, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे धर्मप्रचारक!

चहा विचारला तर लाजून नको म्हणाली. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य. मग गरम दूध आणि आईनं पाठवलेले बेसनाचे लाडू दिले.

धाकटा 19 वर्षांचा, अमेरिकेतल्या युटाचा. दोन वर्षं घरी जायचं नाही. साडेसहाला उठून प्रार्थना, अभ्यास, मग दिवसभर लोकांना भेटत फिरायचं, तेही कायम जोडीनंच. घरी फोन आठवड्यातून एकदा. 2019 च्या आधी तर फक्त नाताळला आणि मदर्स डेला! ऐकून गलबललं. या वयात मी पुण्याच्या होस्टेलवरून रोज रात्री आईला फोन करायचे.

“काल किती दारं ठोठावलीत?”

“चाळीसेक.”

“उघडली किती?”

“उघडतात बरीच. वाकून, अगदी प्रेमानं नाही म्हणतात.”

धर्म बदलायचा माझाही विचार नाही, हे मी सरळ सांगितलं. त्यानं हसून मान डोलावली. निघताना एक लाडू रुमालात बांधून घेतला. सोमवारी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवणार म्हणाला.