एकदा बघण्यासारखं आहे

ट्रिपवरून आलेल्या माणसाला लिफ्टमध्ये गाठून "काय, कशी झाली ट्रिप?" असं विचारलं की दोनच गोष्टी होतात. एकतर तो खिशातून मोबाईल काढतो आणि तुमचा मजला आला तरी तुम्हाला उतरू देत नाही. नाहीतर तो क्षणभर लिफ्टच्या पंख्याकडे बघतो आणि म्हणतो, "छान झाली. एकदा बघण्यासारखं आहे."

हे 'एकदा बघण्यासारखं' म्हणजे मुलगी बघायला आलेल्या लोकांच्या 'कळवतो'च्या जातीचं वाक्य आहे. नकार तर आहे पण कुणाला लागायला नको. ट्रिप फसली असं सरळ कोण म्हणणार, पैसे गेले ते गेले वर स्वतःचं हसं कशाला करून घ्या, आणि मनात कुठेतरी असंही असतं की आम्ही चौघांचे मिळून इतके घातलेत तर यांनी का सुटावं, जाऊ देत की यांना पण. मी स्वतः हे वाक्य किती जणांना चिकटवलंय त्याचा हिशोब नाही.

आमच्या घरात याची सुरुवात जोगच्या धबधब्यापासून झाली. बाबा बँकेत होते त्यामुळे एलटीसी नावाचं प्रकरण होतं, म्हणजे सहलीचा प्रवासखर्च बँकेकडून, ठराविक वर्षांत कुठेतरी लांब जाऊन आलं नाही तर ती लॅप्स होते, आणि एलटीसी लॅप्स होणं हे आमच्या घरात दूध नासण्याच्या बरोबरीचं. तर १९९३ च्या मे महिन्यात बाबांनी जाहीर केलं की गिरसप्पाचा धबधबा. जोग म्हणायला ते तयारच नव्हते. त्यांच्या भूगोलाच्या मास्तरांनी गिरसप्पा म्हणून शिकवला होता आणि ८३० फूट हा आकडा घोकून घेतला होता. शरावती नदी तिथे चार धारांनी खाली उडी घेते, राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट, ही नावं आम्ही कोल्हापूर ते हुबळी इतक्या वेळा ऐकली की धाकट्या भावाने हुबळीच्या स्टँडवर भेटलेल्या एका अनोळखी काकांना पण ती म्हणून दाखवली.

हुबळीहून शिरसी, शिरसीहून सिद्धापूर. सिद्धापूर सोडल्यावर बाबांनी बसची खिडकी वर केली, आम्हाला बोलायचं नाही अशी खूण केली आणि म्हणाले, "ऐका. लांबूनच आवाज यायला लागतो." आम्ही श्वास रोखून ऐकलं. आवाज येत होता, पण तो बसच्या गिअरचा होता.

समोर गेलो तर एक प्रचंड काळा कडा. कडा खरंच प्रचंड, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्याच्यावरून जे येत होतं त्याला पाणी म्हणायला जीभ रेटत नव्हती. आजीच्या घराची पन्हाळ पावसाळ्यात यापेक्षा जास्त वाहायची. राजा म्हणजे एक बारीक पांढरी रेघ, ती पण निम्म्यावर आली की वाऱ्याने विस्कटून जायची. राणी जवळजवळ नव्हतीच. रोअरर अगदी शांत होता, आणि रॉकेट नेमकं कुठलं यावरून बाबांचं आणि शेंगा विकणाऱ्याचं एकमत होईना. शेंगावाल्याने मग समजावलं की वरती लिंगनमक्कीचं धरण आहे, सगळं पाणी तिथे अडतं आणि त्याची वीज होते. ते धरण १९६४ चं आहे हे मला फार पुढे कळलं, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा तीस वर्षं होत आली होती, आणि आमचा भूगोल अजून धरणाच्या आधीचाच चालला होता.

बाबा रेलिंगला धरून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "पावसाळ्यात बघायला पाहिजे हा."

आई म्हणाली, "मग पावसाळ्यात का नाही आलो?"

"पोरांची शाळा."

संपलं. मराठी माणसाच्या पर्यटनाची सगळी शोकांतिका या दोन शब्दांत आहे बघा. आपल्याकडचे धबधबे जुलैत, फुलं सप्टेंबरात, हिमालय स्वच्छ दिसतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि आपल्याला सुट्टी असते मे महिन्यात. मे महिन्यात पूर्ण फॉर्मात असलेली एकच गोष्ट म्हणजे आंबा, आणि तो घरीच असतो.

निघताना बाबांनी तिथल्या दुकानातून एक मोठा रंगीत फोटो घेतला. भर पावसाळ्यातला जोग. चारही धारा फुगलेल्या, राजाने रोअररला जवळजवळ गिळलेलं, खालून धुकं वर येतंय. कोल्हापूरला आल्यावर त्याला लाकडी फ्रेम केली आणि तो बाहेरच्या खोलीत लागला, टीव्हीच्या वर. येणारा जाणारा म्हणायचा, "अरे वा, जोगला जाऊन आलात? काय पाणी आहे!" बाबा म्हणायचे, "८३० फूट." यात खोटं काहीच नाही, उंची तेवढीच आहे.

एवढं होऊन मी शहाणी व्हायला पाहिजे होते. पण लग्न झालं, लेक झाली, लेकीची शाळा झाली, आणि एका मे महिन्यात आम्ही दार्जिलिंगला. टायगर हिलवरून सूर्योदय बघायचा म्हणजे पहाटे सव्वातीनला हॉटेलचा पोरगा दार वाजवतो, तुम्ही आहेत नाहीत ते सगळे कपडे एकावर एक चढवता, त्यात नवऱ्याची पायजम्यावर जीन्स, आणि मग जीपमध्ये बसून दुसऱ्या जीपच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत तासभर वर चढता. अंतर किलोमीटरमध्ये फार नाही, अकरा-बारा असेल, पण अख्खं दार्जिलिंग त्याच वेळी त्याच रस्त्याने निघालेलं असतं. वर गर्दी अशी की आमच्याकडे जोतिबाच्या यात्रेला असते त्याच्या खालोखाल. थर्मासमधून कॉफी विकणाऱ्या बायका मात्र फार गोड, अंधारात हातात कप देतात, पैसे नंतर द्या म्हणतात आणि हजार माणसांतून तुम्हाला बरोबर हुडकून काढतात.

समोर कांचनगंगा. ८,५८६ मीटर, जगातलं तिसरं उंच शिखर, त्यावर पहिलं ऊन पडतं तेव्हा ते आधी गुलाबी मग सोनेरी होतं असं आम्ही वाचून, ऐकून, रील बघून आलेलो. हळूहळू उजाडलं. काळ्याचं राखाडी झालं, राखाडीचं जरा कमी राखाडी झालं. मध्येच डावीकडून कुणीतरी "आला आला" ओरडलं, सगळे मोबाईल वर गेले, तर तो कुणाच्या तरी मोबाईलचा टॉर्च. सहा वाजता लख्ख उजेड झाला आणि समोर पांढरं फटक ढग, जसं काही कुणी चादर वाळत घातलीय. लेक म्हणाली, "आई, पर्वत कुठाय?" मी म्हटलं, "मागे आहे." आता याच्यापेक्षा खरं उत्तर मी काय देणार होते.

खाली उतरताना जीपवाला म्हणाला, "कल तो एकदम साफ था, मॅडम."

हे 'कल' काय प्रकरण आहे मला एकदा शोधून काढायचंय. भारतातल्या प्रत्येक प्रेक्षणीय स्थळावर काल सगळं दिसत असतं. ताडोबात वाघीण तीन पिल्लांसकट काल रस्त्यावर बसलेली असते, महाबळेश्वरला आर्थर सीटवरून काल थेट खालपर्यंत दरी दिसत होती, तारकर्लीला डॉल्फिन काल बोटीच्या कडेने उड्या मारत होते. आम्ही तीन दिवस दार्जिलिंगला होतो, तीनही दिवस कांचनगंगा आदल्या दिवशीच दिसत होती. शेवटी ती दिसली मार्केटमध्ये, चहाच्या पाकिटावर. पाव किलो घेतला.

परदेशात जाऊन पण सुटका नसते म्हणा. आमचे मामा-मामी युरोपला जाऊन आले, बारा दिवसांत किती देश ते मामा पण मोजून सांगतात. ब्रुसेल्समध्ये तो शू करणाऱ्या पोराचा पुतळा बघायला यांना भर उन्हात दगडी रस्त्यावरून चालवत नेलं, मामींचे गुडघे बोलायला लागलेले, आणि कोपऱ्यावर जाऊन बघतात तर पुतळा जेमतेम दोन फुटांचा. मामींना वाटलं हे मॉडेल आहे, खरा पुढे असेल. वर गाईडने सांगितलं की हा पण मूळ पुतळा नाही, मूळ म्युझियममध्ये सुरक्षित ठेवलाय, ही कॉपी आहे. आणि त्या कॉपीला घालायला हजाराच्या वर ड्रेस आहेत! मामी म्हणाल्या, "आमच्या गावच्या देवाला पण एवढे नाहीत." पॅरिसला मोनालिसाचं तेच, चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडे डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बाळाचं पोस्टर असतं साधारण तेवढं, काचेच्या मागे, आणि मधे तीनशे डोकी. मामांनी डोक्यांचा फोटो काढलाय. गंमत म्हणजे तिच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, एका लग्नाच्या जेवणावळीचं, आणि सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे. मामींनी मात्र ते नीट बघितलं, कारण त्याच्या जवळ टेकायला जागा मिळाली.

पॅरिस बघून काही जपानी लोकांना इतका धक्का बसतो की चक्कर, धडधड, भास असलं काहीबाही होतं, त्याला पॅरिस सिंड्रोम असं नाव आहे, पॅरिसमध्येच काम करणाऱ्या हिरोआकी ओता नावाच्या जपानी डॉक्टरांनी ते १९८० च्या दशकात दिलं. आपल्या लोकांना असलं काही होत नाही. आपल्याला 'एकदा बघण्यासारखं'ची लस लहानपणीच टोचलेली असते.

पण काससाठी ती लस मला पुरली नाही. कास म्हणजे आपलं फुलांचं पठार, साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटर, २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेलं, आणि दर सप्टेंबरात व्हॉट्सॲपवर तोच एक फोटो यायचा, क्षितिजापर्यंत गुलाबी-जांभळा गालिचा आणि त्यावर काळे ढग. शिवाय सप्टेंबर म्हणजे मे नव्हे, म्हणजे शापातून सुटका, असा माझा हिशोब. आई-बाबा कोल्हापूरहून येणार, आम्ही पुण्याहून, साताऱ्यात भेटायचं, शनिवारचं ऑनलाइन बुकिंग, सगळं चोख. साताऱ्याच्या पुढे घाटात गाड्यांची रांग लागली तेव्हाच मला टायगर हिलचे लाल दिवे आठवले. मग लांब पार्किंग, मग बस, मग वारा असा की बाबांची टोपी दोनदा कर्नाटकच्या दिशेने निघाली.

आणि पठार हिरवं. चांगलं हिरवं, पण हिरवंच. मधेमधे थोडा गुलाबी डाग, तो तेरडा. बाकी बहर ओसरला होता, ज्या आठवड्यातला तो फोटो असतो तो आठवडा होऊन गेलेला. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण लहानपणापासून ऐकत आले आणि तेरडा बघायला चौथ्या दिवशी पोचले. शेजारच्या ग्रुपमधल्या एक काकू तर मोठ्याने म्हणाल्या, "गवत बघायला एवढ्या लांब आणलंत होय!" त्यांचे मिस्टर पार्किंगच्या दिशेने बघत राहिले.

तिथे गावातल्या एक मावशी शिट्टी घेऊन उभ्या होत्या, लोकांना वाटेवरून आत जाऊ द्यायचं नाही हे काम. आमची तोंडं बघून त्या म्हणाल्या, "उभ्यानं न्हाई दिसायची. वाकून बघा की." आईला वाकायला जमत नाही, डॉक्टरांनी मांडी घालायला पण बंदी केलीय, तर ती वाटेच्या कडेच्या एका दगडावर बसली, पर्समधून वाचायचा चष्मा काढला, आणि मग पंधरा मिनिटं काही बोललीच नाही. मी जाऊन बघितलं तर गवताच्या मधे निळ्या-जांभळ्या फुलांची दाटी, एकेक फूल माझ्या करंगळीच्या नखाएवढं. सीतेची आसवं म्हणतात त्यांना. वरून नाजूक, खाली मातीत बारीक पिशव्या असतात आणि त्यात किडे पकडून खातात, कारण तिथे जांभ्या खडकावर माती म्हणजे नुसता पापुद्रा, त्यात पोट भरेल असं काही नाही. पलीकडे पांढरे गेंद, शर्टाची बटणं विखुरल्यासारखे. लेकीला एक पिवळं फूल सापडलं, त्याला दोन लाल ठिपके, त्याला सगळे मिकी माऊसच म्हणतात. आणि मग डोक्यात प्रकाश पडला की ते सगळे व्हॉट्सॲपवाले फोटो लोकांनी पोटावर पालथं झोपून काढलेले असतात. फूल नखाएवढं, कॅमेरा त्याच्या नाकाशी, मग होणारच की गालिचा! फसवणूक म्हणावी तर फूल खोटं नाही, आणि खरं म्हणावं तर उभ्या माणसाला ते दिसत नाही.

बाबांनी यातलं काही बघितलं नाही. ते मावशींना विचारत होते की पूर्ण बहर कधी असतो. मावशी म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात यायला पायजे होतं."

येताना साताऱ्यात कंदी पेढे घेतले, एक किलो आमचे, एक किलो लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांसाठी. (जोग, दार्जिलिंग कशालाच असं काही देता आलं नव्हतं, पेढा हातात असला की 'कशी झाली ट्रिप' जरा लवकर आटपतं.) आणि कुणी म्हणेल की अहो ठिकाणाचं काय, प्रवासच खरा महत्त्वाचा, तर त्याला मी हुबळी-शिरसी बसच्या शेवटच्या सीटवर मे महिन्यात दुपारी दोन वाजता बसवायला तयार आहे.

दिवाळीत कोल्हापूरला गेलो होतो. टीव्ही आता भिंतीवर गेला म्हणून जोगची फ्रेम काढून देवघराच्या बाजूला लावलीय, कडेने थोडी वाळवी लागलेली आहे पण पाणी अजून तसंच. लेक तिच्यासमोर उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "आजोबा, हे तुम्ही खरंच बघितलंय?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "बघितलंय म्हणजे? याच्या बरोब्बर समोर उभा होतो मी."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मे महिन्यात."